सोसायटीच्या आवारात कॅम्पर व्हॅन

प्रश्न : आम्ही दोघे निवृत्त पती-पत्नी घोडबंदर रोडवरच्या 112 सदनिकांच्या सोसायटीत राहतो. गेल्या वर्षी आम्ही एक जुनी कॅम्पर व्हॅन विकत घेतली. ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर बांधलेल्या या गाडीत दोन बिछाने, ओटा आणि लहानसे शौचालय आहे. लांबी 20 फूट असून छतावरच्या एसीसकट उंची 9 फूट भरते. नंबरप्लेट पांढरी आहे. स्टिल्टमध्ये (इमारतीखालच्या खांबांमधल्या पार्किंगमध्ये) सोसायटीने आम्हाला दिलेल्या जागेत ती उंचीमुळे शिरत नाही, म्हणून मागच्या बाजूला कुंपणभिंतीलगत उभी करतो. आता कमिटीने पत्र दिले आहे की ‘व्यावसायिक वाहन’ आठ दिवसांत हलवावे, नाहीतर रोज 500 रुपये दंड आकारून चाकाला जॅमर लावला जाईल. पार्किंगचे पैसे आम्ही नियमित भरतो. दुसरे एक सभासद दोन मोठ्या गाड्या ठेवतात, त्यांना कोणी काही बोलत नाही. कमिटीला असा अधिकार आहे का?
(एक वाचक, ठाणे पश्चिम)

उत्तर : कमिटीने पत्रात दिलेले कारण चुकीचे दिसते, पण तुमची गाडी आज जिथे उभी आहे ती जागाही बहुधा चुकीचीच आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, आणि एवढे मान्य केले की पुढचा वाद निम्मा हलका होतो.

आधी ‘व्यावसायिक’ या शब्दाकडे पाहू. कोणते वाहन परिवहन (म्हणजे व्यावसायिक) वर्गातले आणि कोणते बिगर-परिवहन (म्हणजे खासगी), हे केंद्र सरकारच्या 2004 च्या अधिसूचनेतल्या यादीवरून ठरते, आणि खासगी वापराची कॅम्पर व्हॅन त्या यादीत बिगर-परिवहन गटात आहे. गाडी टेम्पोसारखी दिसते म्हणून ती व्यावसायिक होत नाही. मात्र तुम्ही जुनी गाडी घेतली आहे, म्हणून आरसी बुक आजच काढून त्यावर वाहनाचा वर्ग, बॉडीचा प्रकार आणि आसनसंख्या यांसमोर काय लिहिले आहे ते नीट वाचा. मूळची प्रवासी गाडी कोणीतरी गॅरेजमध्ये नेऊन, आसने काढून, आत ओटा आणि बिछाने बसवून घेतली असतील आणि त्या बदलाची नोंद आरटीओकडे झालेली नसेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार तो बदल नियमबाह्य ठरतो. अशा गाडीच्या विम्याचा दावाही अडकू शकतो. आरसीत उणीव असेल तर कमिटीला उत्तर देण्याआधी ती दूर करा, कारण सभेत तुमच्याकडे पहिला कागद तोच मागितला जाईल.

आता जागेचा प्रश्न. गाडी खासगी ठरली म्हणजे आवारात कुठेही उभी करण्याचा हक्क मिळाला, असे होत नाही. स्टिल्ट आणि मोकळी जागा हे इमारतीचे सामाईक भाग आहेत. सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली दहिसरच्या पांचाली सोसायटीच्या प्रकरणात, बिल्डरला स्टिल्टमधली जागा गॅरेज म्हणून स्वतंत्रपणे विकता येत नाही, असा निकाल दिला होता. सोसायटीने तुम्हाला दिलेली जागा ही वापरासाठी दिलेली आहे, मालकीने नव्हे, आणि ती एका मोटारीच्या मापाची आहे. आपल्याकडच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत मोटारीच्या जागेचे माप अडीच मीटर गुणिले पाच मीटर, म्हणजे साधारण सव्वाआठ फूट गुणिले साडेसोळा फूट, धरलेले आहे. तुमची गाडी 20 फुटांची. उद्या उंचीची अडचण मिटली तरी ती साडेतीन फूट बाहेर डोकावणारच, आणि समोरच्या सभासदाला रोज सकाळी दोनदा मागे-पुढे करून गाडी काढावी लागेल. तुम्ही भरत असलेले पैसे एका मोटारीच्या जागेचे आहेत, हेही ध्यानात घ्या.

कुंपणभिंतीलगतच्या पट्ट्याबाबत मला जास्त काळजी वाटते. उंच इमारतीभोवती अग्निशमन दलाच्या गाडीला फिरता यावे म्हणून राष्ट्रीय बांधकाम संहितेने किमान 6 मीटर रुंदीची मोकळी जागा आणि 45 टनांपर्यंत भार पेलणारी जमीन सांगितली आहे. तुमच्या इमारतीचा मंजूर नकाशा सोसायटीच्या दप्तरात असतो; सभासद म्हणून तो पाहायला मागा. मागचा पट्टा त्या 6 मीटरमध्ये येत असेल तर तिथे गाडी लावण्याची परवानगी सर्वसाधारण सभेनेही देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आमच्या शेजारच्या इमारतीत एका रात्री भर पावसात रुग्णवाहिका आली आणि वळणावरच अडकली, कारण कोणाचा तरी टेम्पो कोपऱ्यावर लावलेला होता. शेवटी स्ट्रेचर सत्तर-ऐंशी पावले पेव्हर ब्लॉकवरून खडखडत ढकलत न्यावे लागले, आणि एक शाळकरी मुलगा आजोबांच्या तोंडावर छत्री धरून सोबत धावत होता. टेम्पोवाल्या सभासदाचा हेतू वाईट नव्हता. त्यांनी वळणाची रुंदी कधी मोजलीच नव्हती.

तेव्हा आधी टेप घेऊन खाली उतरा. गाडी उभी असताना बाजूला किती फूट उरतात, चाके कोणत्याही चेंबरच्या झाकणावर किंवा जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीच्या स्लॅबवर येतात का, मीटर रूम आणि फायर हायड्रंट यांच्यापुढे अडथळा होतो का, हे कागदावर उतरवून घ्या. सामानासकट अशी गाडी साडेतीन टनांच्या घरात जाऊ शकते. मोटारींसाठी बसवलेले चेंबरचे झाकण ते वजन पेलेलच, असे गृहीत धरू नका.

दंडाविषयी मात्र तुमची तक्रार रास्त आहे. पार्किंगचे नियम करण्याचा आणि दंड ठरवण्याचा अधिकार सर्वसाधारण सभेचा असतो. आदर्श उपविधींमध्ये, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांमध्ये, 78 पासून पुढे पार्किंगचे नियम दिले आहेत, त्यांचाही रोख हाच आहे. कमिटीने त्या नियमांची अंमलबजावणी करायची असते, आणि तीदेखील सभासदाला कारणे दाखवा नोटीस देऊन, त्याचे म्हणणे ऐकून. रोज 500 रुपयांचा आकडा कोणत्या सभेत, कोणत्या ठरावाने ठरला, याची प्रत लेखी मागा. जॅमरचा आधारही त्याच पत्रात विचारा. पत्राची भाषा शांत ठेवा आणि पोच घ्यायला विसरू नका.

दोन गाड्यांच्या सभासदांचा मुद्दा पत्रात घ्यावा की नाही, याचा मी बराच विचार केला. आदर्श उपविधींनुसार एका सभासदाला साधारणपणे एकच जागा मिळते. इतरांना देऊन जागा शिल्लक राहिल्या तरच दुसरी, आणि तीही वर्षभरापुरती. म्हणजे तुमचे निरीक्षण चुकीचे नाही. पण तो मुद्दा पुढे केला की सभा तुमच्या गाडीवरून त्यांच्या गाडीवर जाते, आणि तुम्हाला हवा तो ठराव होतच नाही. तो वेगळ्या अर्जाने, वेगळ्या वेळी मांडा.

तुमच्या अर्जात गाडीची लांबी-रुंदी-उंची, आरसी, विमा आणि पीयूसी यांच्या प्रती, सुचवलेल्या जागेचा हाताने काढलेला साधा नकाशा आणि त्या जागेसाठी दुप्पट शुल्क देण्याची तयारी असावी. कमिटी विषय सभेपुढे नेत नसेल, तर एकूण सभासदांपैकी एक पंचमांश सभासदांच्या लेखी मागणीवरून विशेष सर्वसाधारण सभा बोलावावी लागते. तुमच्या सोसायटीत प्रत्येक सदनिकेमागे एक सभासद धरला तर 23 सह्या लागतील. या सह्या गोळा करण्याची वेळ न येता काम झाले तर उत्तम, कारण शेजाऱ्यांची दारे वाजवत फिरणे कोणालाच सुखाचे नसते. तरीही मार्ग निघाला नाही तर उपनिबंधकांकडे तक्रार आणि सहकार न्यायालय हे पुढचे टप्पे आहेत. या वादासाठी मी तिथपर्यंत जाण्याचा सल्ला सहसा देणार नाही.

माझ्या पाहण्यात सर्वांत टिकाऊ ठरलेली तडजोड अशी : प्रवासाला निघण्यापूर्वी आणि परतल्यावर सामान भरण्या-उतरवण्यासाठी 48 तास गाडी आवारात, ठरलेल्या जागी, गेटवरच्या वहीत नोंद करून, बाकीचे दिवस भाड्याच्या खासगी जागेत. घोडबंदर पट्ट्यात आणि भिवंडीच्या बाजूला गोदामांच्या आवारात अशी जागा शोधता येते. जागा घेताना तिथे पावसाळ्यात पाणी साचते का, हे आसपासच्या दुकानदारांना विचारा, आणि भाड्याचा करार लेखी करा.

प्रश्न : नेरुळमध्ये आमचे सिडकोने बांधलेले रो-हाउस आहे. पुढच्या अंगणात मी कॅराव्हॅन उभी करतो. तिचा मागचा भाग फाटकाबाहेर थोडासा येतो. शेजारी तक्रार करतात. अंगण माझे, गाडी माझी, मग त्यांना हरकत घेण्याचा काय अधिकार? पावसासाठी वर पत्र्याची शेड टाकली तर चालेल का?
(एक वाचक, नवी मुंबई)

उत्तर : ‘थोडासा’ म्हणजे किती, हे तुम्ही लिहिलेले नाही, आणि सगळा प्रश्न तिथेच अडला आहे. फाटकाच्या रेषेपलीकडे आलेला प्रत्येक इंच रस्त्याचा किंवा पदपथाचा आहे. तुमच्या घरासमोरचा असला तरी तो तुमचा होत नाही. इतरांना धोका किंवा अडथळा होईल अशा रीतीने सार्वजनिक ठिकाणी वाहन सोडणे मोटार वाहन कायद्याच्या कलम 122 मध्ये बसते, आणि कलम 127 नुसार ते उचलून नेताही येते. नेरुळच्या सेक्टरांमधले आतले रस्ते अरुंद आहेत. अशा रस्त्यावर फाटकाबाहेर आलेली नऊ फूट उंच गाडी शेजारच्या घरातून मोटार काढणाऱ्याला पूर्ण भिंतीसारखी आडवी येते. पलीकडून सायकलवर येणारे मूल त्याला दिसतच नाही. शेजाऱ्यांच्या जागी उभे राहून एकदा पाहा. शक्यतो त्यांच्या गाडीत, चालकाच्या आसनावर बसून पाहा.

गाडी पूर्ण फाटकाच्या आत बसत असेल तर चित्र पालटते. तेव्हा भाडेपट्ट्याच्या अटी आणि रो-हाउसधारकांची सोसायटी असल्यास तिचे उपविधी, एवढेच पाहायचे उरते. नवी मुंबईतली बहुतेक जमीन सिडकोने भाडेपट्ट्याने दिलेली आहे आणि पट्ट्यात वापर निवासी असे लिहिलेले असते. स्वतःच्या सहलीची गाडी अंगणात ठेवणे हा त्या वापराचा भंग आहे, असे मला वाटत नाही. तीच गाडी शनिवार-रविवारी भाड्याने द्यायला सुरुवात केलीत, तर मात्र निवासी वापराचा प्रश्न उभा राहील आणि पांढऱ्या नंबरप्लेटचाही.

पत्र्याची शेड महापालिकेच्या परवानगीशिवाय टाकू नका. पुढचे अंगण म्हणजे इमारत रेषेबाहेर मोकळी सोडायची जागा असते. तिथली कायमची शेड अनधिकृत बांधकाम ठरते आणि घर विकताना नेमकी तीच आडवी येते. काढता-घालता येणारे आच्छादन पुरेसे आहे.

प्रश्न : मी ऐरोलीतील एका सोसायटीचा सचिव आहे. आमच्याकडे दोन सभासदांनी कॅम्पर व्हॅनसाठी परवानगी मागितली आहे. पूर्वेकडे आमचा एक मोकळा कोपरा आहे, तो अग्निशमनाच्या मार्गात येत नाही. नियम करताना कोणत्या गोष्टी विसरू नयेत?
(एक सचिव, नवी मुंबई)

उत्तर : अर्ज आल्यावर लगेच नकार न देता तुम्ही नियमांचा विचार करत आहात, याचे मला मनापासून कौतुक वाटते. कोपरा अग्निशमनाच्या मार्गात नाही, हे तुमच्या अग्निसुरक्षा यंत्रणेची तपासणी करणाऱ्या परवानाधारक एजन्सीकडून लेखी घ्या. राज्याच्या 2006 च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार जानेवारी आणि जुलैमध्ये यंत्रणा सुस्थितीत असल्याचे ‘ब’ प्रमाणपत्र देण्यासाठी ते येतातच, तेव्हा हेही पाहून घेता येईल.

या गाडीत आणि साध्या मोटारीत खरा फरक आकाराचा नसून आतल्या गोष्टींचा आहे, आणि त्यातही गॅस सर्वांत महत्त्वाचा. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो वर उडून जात नाही. जमिनीलगत पसरत सखल जागा शोधतो, म्हणजे लिफ्टचा खड्डा, पंप रूम, गटाराचे चेंबर. रिकाम्या बंद गाडीत रात्री गळती झाली तर वास घ्यायलाही कोणी नसते. म्हणून गाडी आवारात येताच सिलिंडर काढून सभासदाने आपल्या घरी हवेशीर जागी उभा ठेवावा, हा नियम बिनअपवाद असू द्या. गाडी आत येताना सिलिंडरचा कप्पा उघडून दाखवायला वॉचमनने सांगावे आणि वहीत टिपून घ्यावे.

दुसरी गोष्ट चार्जिंगची. आतल्या पंख्या-फ्रिजसाठी या गाड्यांत वेगळी बॅटरी असते. सामाईक मीटरवरून पिवळ्या एक्स्टेन्शनची वायर वाटेवर टाकून, जोडावर प्लास्टिकची पिशवी बांधून चार्जिंग चाललेले मी पाहिले आहे, आणि त्याच वाटेवर पावसाचे पाणी साचलेले होते. असे अजिबात चालू देऊ नका. चार्जिंग द्यायचेच असेल तर सभासदाच्या खर्चाने वेगळा सबमीटर, व्यवस्थित अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) असलेला पक्का पॉइंट, परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या. तुमचा कोपरा उघड्यावर आहे, त्यामुळे गाडीच्या छतावर सोलर पॅनेल असेल तर याची गरजही फारशी पडणार नाही.

सांडपाणी आणि शौचालयाची टाकी सभासदाने घरच्या शौचालयातच रिकामी करावी. पावसाच्या पाण्याच्या जाळीत ती ओतली तर घाण शेवटी ठाणे खाडीत जाते. तिथल्या फ्लेमिंगो अभयारण्याला 2022 साली रामसर दर्जा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता) मिळाला आहे, आणि आपण ऐरोलीकर तर तिच्या काठावरच राहतो. सोसायटीचा सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प असेल तर टाकीत वापरायचे रसायन जंतूंना न मारणारे असावे, कारण प्रकल्पाचे काम जंतूंवरच चालते.

पावसाळ्यातली ताडपत्री ही वरवर किरकोळ वाटणारी बाब आहे, पण मी तिला नियमात जागा देईन. छतावरच्या एसीमुळे ताडपत्रीला मध्ये उंचवटा येतो आणि दोन्ही बाजूंना खोलगट झोळ पडतात. एका चांगल्या सरीनंतर त्या झोळांत बादलीभर स्वच्छ पाणी साठते. डेंग्यूचा डास असल्याच पाण्यात अंडी घालतो आणि साधारण आठ-दहा दिवसांत नवा डास उडतो. ताडपत्री ताणून बांधावी आणि आठवड्यातून एकदा झटकून कोरडी करावी, एवढे लिहिले तरी पुरे. शिवाय महिना-महिना न हललेल्या गाडीत उंदीर वायरी कुरतडतात, म्हणून पंधरवड्यातून एकदा ती सुरू करून थोडी फिरवून आणण्याची अट सभासदाच्याही हिताचीच आहे.

गाडीत झोपण्याविषयी तुम्ही विचारलेले नाही, पण हा विषय सभेत निघणारच. लग्नकार्याला आलेला भाऊ एक रात्र गाडीत झोपला तर आभाळ कोसळत नाही. गेटवर पाहुणा म्हणून नोंद व्हावी, इंजिन आणि जनरेटर बंद असावे, आत काही शिजवू नये. मात्र सलग मुक्काम आणि भाड्याने देणे यांना ठरावात सरळ मनाई करा.

कोणीतरी 2021 च्या राज्याच्या कॅराव्हॅन पर्यटन धोरणाचा हवाला देईल. ते धोरण पर्यटनासाठीच्या कॅराव्हॅन आणि कॅराव्हॅन पार्कविषयी आहे. सोसायटीच्या आवारात गाडी ठेवण्याचा हक्क त्यातून निघत नाही.

शुल्क गाडीने व्यापलेल्या जागेवर ठरवा आणि परवानगी वर्षभरापुरती द्या. कोपऱ्यासाठी तिसरा अर्ज आला तर चिठ्ठ्या टाकण्याची तरतूद आत्ताच करून ठेवा. तिसरा अर्ज आल्यानंतर केलेला नियम त्या तिसऱ्या सभासदाविरुद्ध केल्यासारखा दिसतो.

प्रश्न : ठाण्यात नव्या प्रकल्पात सदनिका घेत आहोत. आमच्याकडे छोटी कॅम्पर व्हॅन आहे, उंची साडेसात फूट. विक्री कार्यालयातले लोक म्हणतात, ‘आरामात बसेल.’ विश्वास ठेवावा का?
(एक वाचक, कोलशेत)

उत्तर : तोंडी शब्दावर ठेवू नका. गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या महारेराने एप्रिल 2024 मध्ये आदेश काढून, पार्किंगच्या जागेचा क्रमांक, लांबी, रुंदी, उंची आणि ठिकाण करारनाम्याच्या जोडपत्रात लिहिणे बंधनकारक केले आहे. ते जोडपत्र सही करण्यापूर्वी मागा. उघड्यावरची जागा बिल्डरला विकता येत नाही, म्हणून तसल्या जागेचे पैसे देऊ नका.

जोडपत्रातली उंची स्लॅबपर्यंतची आहे की तुळईखालची, हे विचारा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तळघरात छताखालून स्प्रिंकलरचे पाइप आणि हवा खेळवणाऱ्या पत्र्याच्या नळ्या गेलेल्या असतात, आणि गाडी त्यांनाच आधी लागते. उतार संपून सपाटी सुरू होते तिथे मागची चाके अजून उतारावर असतात, त्यामुळे लांब गाडीची मागची बाजू वर उचललेली राहते. साडेसात फुटांची गाडी त्या क्षणी साडेसातहून जास्त जागा मागते. यांत्रिक पार्किंग दिले असेल तर त्याच्या फळीवरची उंची आणि वजनाची मर्यादा उत्पादकाच्या माहितीपत्रकावर पाहा. मला वाटते, तिथेच उत्तर नकारार्थी येईल. आधीच पूर्ण झालेल्या टप्प्यात तसेच तळघर असेल तर विक्री कार्यालयाची परवानगी काढून एखाद्या दुपारी गाडीच घेऊन जा, आणि उतारावरून अगदी सावकाश खाली उतरवत सोबतच्या माणसाला बाहेर उभे राहून छताकडे पाहायला सांगा.